न लागलेलं अक्षर आणि फावडंभर विस्तव

मॅलकी टॅन्सी हा माणूस तसा वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याचे जे हाल होणार आहेत ते पाहून एखाद्याला वाटेल, याने कुणाचं तरी काहीतरी वाकडं केलं असणार. केलं नव्हतं. म्हणजे बॉस्को फीलीला विचाराल तर केलं होतं, पण बॉस्कोकडे आपण नंतर येऊ. मॅलकीचा गुन्हा एवढाच, की त्याने एका पत्राला घाईघाईने उत्तर पाठवलं आणि त्या उत्तरात 'अर्ध्या मिनिटात' असे दोन शब्द घातले.

पत्र अमेरिकेहून आलं होतं, स्क्रँटन गावाहून. लिहिणारी विनी नोवाक, वय वर्षं त्र्याऐंशी, माहेरची टॅन्सी. तिचे आजोबा बार्टली आणि मॅलकीचे आजोबा मायकल हे सख्खे भाऊ. बार्टली तिकडे गेला, मायकल इथे आयर्लंडात, रॉसकॉमनमध्येच राहिला. विनीने लिहिलं होतं, की डॉक्टर यंदा विमानात बसायला हो म्हणतोय, पुढच्या वर्षी म्हणेल याचा भरवसा नाही, तेव्हा मेच्या एक तारखेला दुपारी तीनला मी तुमच्या दारात. माझी एकच इच्छा आहे. आजोबा ज्या चुलीजवळ वाढले त्या चुलीपाशी मला एकदा बसायचंय, मग माझी कसलीच तक्रार नाही. पण जुनं घर कुठल्या गावात होतं ते मला ठाऊक नाही. सोबत बार्टलीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची झेरॉक्स आहे, अठराशे एकोणसाठ सालची. माणसांची नावं लागतात, गावाचं लागत नाही. तुम्हाला लागतंय का बघा.

तुम्हाला लागतंय का बघा! हे कुणाला विचारायचं? मॅलकी टॅन्सीला? अडतीस वर्षं तो टपालाच्या वर्गवारीत होता. ज्या पाकिटावरचा पत्ता कुणाच्या बापाला लागत नसे ते पाकीट त्याच्या टेबलावर येई. डॉक्टरांची अक्षरं, नन्सची बारीक अक्षरं, लंडनला खोदकाम करणाऱ्या पोरांनी दोन ग्लास रिचवून आईला लिहिलेली अक्षरं, सगळी त्याने घरोघर पोचवली होती. निवृत्त झाला तेव्हा कचेरीने त्याला पितळी मुठीचं भिंग दिलं होतं. ते त्याने आजवर फक्त माशाचे काटे शोधायला वापरलं होतं. त्या रात्री ते भिंग पुसून त्याने झेरॉक्सवर धरलं, म्हणाला, "क्लूनमोरा. झालं," आणि लगेच उत्तर लिहायला बसला. 'प्रिय विनीताई, अर्ध्या मिनिटात लागलं.' सकाळी स्वतः जाऊन पेटीत टाकून आला आणि येताना शीळ घालत आला.

संध्याकाळी त्याने केवळ हौसेखातर पुन्हा एकदा भिंग धरलं. तर क्लूनमोरा तिथे नव्हतं.

काल जिथे स्वच्छ क्लूनमोरा होतं तिथे आज कॅरोमोना होतं. मॅलकीने डोळे चोळले. कागद खिडकीशी नेला तर शेवटची दोन अक्षरं गळाली. दिव्याखाली आणला तर मधोमध एक नवंच अक्षर उगवलं. 

"चेहरा का असा झालाय?" बटाटे सोलता सोलता अट्रॅक्टाने, म्हणजे त्याच्या बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मॅलकी."

"पहिलं अक्षर जरासं डळमळतंय."

"तू तर तिला कळवून मोकळा झालास."

"झालो."

"अर्ध्या मिनिटात, असंही लिहिलंस."

"लिहिलं गं बाई, लिहिलं!"

"मग आता एक मेपर्यंत तुझ्याकडे सात आठवडे आहेत," अट्रॅक्टा म्हणाली, आणि पुढचा बटाटा घेतला.

आता खरं तर सरळ दुसरं पत्र लिहायचं, की ताई, माझं चुकलं, नाव लागत नाही. बारा ओळींचं काम. पण मॅलकी ते लिहू शकत नव्हता, आणि इथे बॉस्को फीली येतो.

बॉस्को म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी. दोघं एकाच वर्षी जन्मले, एकाच बाकावर बसले, एकाच मास्तरच्या छड्या खाल्ल्या. अकरा वर्षांपूर्वी बॉस्कोच्या भावाने, जार्लाथने, इंग्लंडातल्या लीड्सहून पत्र टाकलं होतं, की वीस वर्षांनी घरी येतोय, अमुक गाडीने, स्टेशनवर ये. त्यावरचा पत्ता लागेना म्हणून ते मॅलकीच्या टेबलावर आलं. मॅलकीने पत्ता वाचला आणि ते बिनचूक हाताने देशाच्या दुसऱ्या टोकाला, केरीला धाडलं. तिथून फिरत फिरत ते तीन आठवड्यांनी बॉस्कोला मिळालं. जार्लाथ तोवर येऊन गेला होता. पावसात चार तास स्टेशनवर बसला, कुणी आलं नाही, म्हणाला, समजलो मी, आणि पुढच्या गाडीने परत गेला. त्याने नंतर इकडे कधी पाऊल टाकलं नाही. बॉस्कोने त्या रविवारी गुत्त्यात सगळ्यांदेखत टोपी काढून सांगितलं, "टॅन्सीला वाचता येत नाही." मॅलकी म्हणाला, "तुझ्या भावाला लिहिता येत नाही." तेव्हापासून अबोला. कुंपणाच्या अलीकडे पलीकडे दोघं वर्षानुवर्षं मेंढरांशी बोलत, आणि ते बोलणं एकमेकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. आणि आता मॅलकीने जाहीर करायचं, की मला वाचता येत नाही? त्यापेक्षा त्याने दलदलीत उडी मारली असती.

मूळ वही बघितली पाहिजे, झेरॉक्सवर काय जातोस, असं अट्रॅक्टाचं मत पडलं. ते बरोबर होतं, आणि तिथूनच सगळी साडेसाती सुरू झाली. मूळ वही चर्चच्या कचेरीत, तिजोरीत. कचेरी मंगळवारी दहा ते अकरा उघडी. आणि कचेरीत डिम्फना कॉनबॉय. या बाईंनी तीन फादर आले गेले तरी खुर्ची सोडली नव्हती. गावातल्या माणसाचा जन्म झाला की नाही हे त्या ठरवत असत.

"वही दाखवता येणार नाही," डिम्फनाबाई म्हणाल्या. "बिशपसाहेबांच्या कचेरीचं पत्र लागतं."

मॅलकीने बिशपच्या कचेरीला लिहिलं. तिथून उत्तर आलं, की सोबतचा अर्ज भरून पाठवावा. अर्जात रकाना तिसरा: ज्या गावाची नोंद पाहावयाची आहे त्या गावाचे नाव. हा रकाना भरणे बंधनकारक आहे.

"पण बाई, तेच तर शोधायचंय!" पुढच्या मंगळवारी मॅलकी कळवळून म्हणाला.

"मग आधी शोधा, मग अर्ज करा."

"वही बघितल्याशिवाय कसं शोधू?"

"मिस्टर टॅन्सी, तुम्हीही सरकारी खात्यात होता ना? तुम्हाला मी समजावून सांगायचं?" आणि बाईंनी झेरॉक्स उलटसुलट धरून बघितली. "आणि हे गावाचं नाव नाहीच. 'धर्माची आई गैरहजर' असं लिहिलंय ते."

मॅलकी घरी आला तेव्हा त्याला धाप लागली होती. त्याने तिसऱ्या रकान्यात क्लूनमोरा, खाली कंसात कॅरोमोना, त्याखाली बारीक अक्षरात 'किंवा तत्सम' लिहिलं. अर्ज परत आला. शेरा होता: अक्षर लागत नाही.

हे असं झाल्यावर बातमी किती दिवस लपणार? रविवारी मासची प्रार्थना सुटल्यावर लोक चर्चच्या भिंतीला टेकून हवापाण्याचं बोलतात. तिथे झेरॉक्स हातोहात फिरू लागली. निवृत्त मास्तर ड्यूरकन म्हणाले, हे गॉर्टमीना आहे, यात वादच नाही, आणि हे सांगताना चष्मा खिशात होता. खाटकाने बोटाने अक्षर गिरवून बघितलं आणि कागदावर चरबीचा डाग पाडला. त्या डागाने आणखी एक अक्षर पारदर्शक झालं. कुणी म्हणालं, ज्या फादरने हे लिहिलं तो घोड्यावर बसून नोंदी लिहायचा. कुणी म्हणालं, घोडा लिहायचा. एक आजीबाई तर ठामपणे म्हणाल्या, की टॅन्सी मुळात आपल्या परगण्यातले नाहीतच, शेजारच्या मेयोकडचे आहेत, आणि तसे दिसतातही. मॅलकीचं हसू चेहऱ्यावर टांगल्यासारखं राहिलं. भिंतीच्या टोकाला बॉस्को फीली पाइप भरत उभा होता. त्याने कागद मागितला नाही. तो फक्त आपल्या कुत्र्याला म्हणाला, "बघ रे, अर्ध्या मिनिटात."

हे त्याला कुणी सांगितलं? पोस्टमननेच सांगितलं असणार; त्याच्याजवळ मॅलकीनेच फुशारकी मारली होती. मॅलकी तीन रात्री झोपला नाही.

जिल्ह्याच्या वाचनालयातल्या मुलीने जुन्या नकाशांची यादी काढून दिली. क्लूनमोरा नावाची गावं सात निघाली. कॅरोमोना अकरा. गॉर्टमीना, देवाच्या कृपेने, चारच. एका म्हाताऱ्याला विचारावं तर तो म्हणे, टॅन्सी? ते डोंगरापलीकडून आले म्हणतात. मॅलकीच्या आजोबांनीही एवढंच सांगितलं होतं. डोंगरापलीकडे जमीनदाराने घरं पाडली, लोक चालत निघाले, आणि पुढे ते कुठून आले हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. पाडलेल्या घराची गोष्ट पोरांना सांगायची लाज वाटते, दुसरं काय.

एप्रिल उजाडला तसा मॅलकी जेवायचा कमी झाला. विनीताईचं दुसरं पत्र आलं: 'क्लूनमोरा हे नाव मी चारचौघांत मोठ्याने म्हणून बघते. किती गोड आहे. आजोबा पोलिसाच्या डोक्यात फावडं घालून पळाले ते याच गावातून ना?' मॅलकीने ते पत्र घडी करून बायबलमध्ये ठेवलं, म्हणजे निदान तिथे तरी कुणी उघडणार नाही.

मग त्याच्यातला हिशेबी माणूस जागा झाला. नाव कळवलंय क्लूनमोरा. तर क्लूनमोरा शोधायचं, तिथलं एखादं पडकं घर बघायचं, आणि हेच ते, असं म्हणायचं. त्र्याऐंशी वर्षांची बाई. तिला समाधान हवंय, सातबारा नकोय. सगळ्यांत जवळच्या क्लूनमोरात त्याला खरंच एक घर सापडलं. चार भिंती, छप्पर नाही, पण चूल शाबूत. मॅलकीने तीन दिवस खपून खाजकुयल्या उपटल्या, दगड रचले, चुलीच्या धुराड्यातून कावळ्याचं घरटं काढलं. अट्रॅक्टा मोटारीत बसून विणत होती आणि काच खाली करून दर तासाला विचारत होती, "लाज वाटत नाही का रे?" तिसऱ्या दिवशी त्याने खिडकीत फुलांची टोपली टांगली. तेवढ्यात शेताचा मालक आला.

"वा, वा," तो म्हणाला. "पोलीसचौकीची फारच सेवा चाललीय."

"कसली चौकी?"

"ही काय! इंग्रजांच्या पोलिसांची जुनी चौकी. आमच्या आजाला याच चुलीसमोर उलटा टांगला होता. तुमचं कोण होतं पोलिसात?"

मॅलकीने फुलांची टोपली काढली. परत येताना नऊ मैल ती टोपली अट्रॅक्टाच्या मांडीवर होती. म्हणजे बार्टलीने ज्याच्या डोक्यात फावडं घातलं त्याच पोलिसाच्या चुलीपाशी त्याच्या नातीला बसवून, बघ हं, इथे तुझे आजोबा वाढले, असं हा सांगणार होता! ही गोष्ट कुणाला कळली असती तर टॅन्सी घराण्याला पुढची शंभर वर्षं तोंड दाखवायला जागा नव्हती. आणि ती कळणार होतीच, कारण शेताचा मालक बॉस्कोच्या मावसबहिणीचा दीर निघाला.

आता चारच दिवस उरले होते. "गाव मिळत नाही तर नाही," अट्रॅक्टा म्हणाली, "निदान आपलं घर तरी माणसांत बसेल असं करू." तिची पस्तीस वर्षांची मागणी होती, की स्वयंपाकघरातली ती उघडी चूल बंद करायची आणि तिथे विजेची शेगडी बसवायची. धूर नाही, राख नाही, रात्री निखारे झाकायची कटकट नाही. एरवी मॅलकी ऐकत नसे. पण चौकीच्या प्रकरणापासून तो कशालाही हो म्हणत होता. मंगळवारी माणूस आला. त्याने चुलीत पाण्याची बादली ओतली, राख भरून नेली, फळी ठोकली आणि फळीपुढे शेगडी बसवली. तिच्यात प्लॅस्टिकचे निखारे होते, आत लाल दिवा लुकलुकत होता. अट्रॅक्टा त्या रात्री सवयीने झाकायला उठली, आणि झाकायला काही नाही म्हणून तशीच जरा वेळ उभी राहिली.

एक मेच्या सकाळी दहा वाजता पोस्टमन आला. विनीताईचं आणखी एक पत्र होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं. पाकिटावर चार ठिकाणचे शिक्के होते. पत्ता न लागल्यामुळे ते आधी केरीला जाऊन आलं होतं. मॅलकीने ते शिक्के बघितले आणि त्याला बसावंसं वाटलं. मग आतलं वाचून तो खरंच बसला.

'प्रिय मॅलकी,' विनीने लिहिलं होतं, 'तू क्लूनमोराच्या मागे फार लागू नकोस. काल माझ्या लक्षात आलं, की ते घर तर पाडलं होतं. आजोबा मला मांडीवर घेऊन दर नाताळला एकच गोष्ट सांगायचे. घर पाडायला माणसं आली तेव्हा त्यांच्या बापाने आधी चुलीतला विस्तव लोखंडी भांड्यात घेतला. दोन दिवस तो भांडं घेऊन डोंगर चालला, आणि दोन्ही मुलं वाटेत पीटचे, म्हणजे जळणाच्या वाळल्या मातीचे, तुकडे गोळा करून आत टाकत होती. नव्या जागी भिंती उभ्या राहायच्या आधी तो विस्तव जमिनीवर ठेवला आणि भोवती चूल बांधली. मायकलने शपथ घेतली, मी हा विझू देणार नाही. म्हणजे आजोबांची चूल तुझ्याच घरात आहे, नाही का? गाव कुठलं का असेना. मला फक्त त्या विस्तवावर हात शेकायचेत.'

मॅलकीने वर बघितलं. प्लॅस्टिकचे निखारे लुकलुकत होते.

"अट्रॅक्टा," तो म्हणाला. त्याने पत्र तिच्या हातात दिलं. ती वाचत गेली आणि मटकन खुर्चीत बसली. एक्केचाळीस वर्षं रोज रात्री तिने तो विस्तव राखेखाली झाकला होता आणि रोज सकाळी उकरला होता. सासूने मरताना हात धरून सांगितलं होतं, विस्तव सांभाळ गं. तिला वाटलं होतं, म्हातारीला काड्यापेटीची काटकसर.

"ते लोखंडी भांडं," ती हळूच म्हणाली, "कोंबड्या पाणी पितात ते."

"तेच असणार."

"मॅलकी, फळी काढ, काडी ओढ आणि पेटव. तिला काय कळतंय? विस्तव तो विस्तव."

चार दिवसांपूर्वी मॅलकी पोलीसचौकी खपवायला निघाला होता. पण आता त्याने मान हलवली. "नाही गं. हे नाही जमायचं. ती विमानात बसून येतेय, आणि मी तिला काडीने पेटवलेला दाखवू?" त्याने लुकलुकणाऱ्या शेगडीकडे बोट केलं. "शंभरावर वर्षं टिकला, आणि मी मंगळवारी विझवला. मंगळवारी!"

अट्रॅक्टा डोळे पुसत उठली. "सत्तेचाळीसच्या बर्फात बॉस्कोच्या आईची चूल विझली होती," ती म्हणाली. "तुझ्या आईने फावड्यावर विस्तव नेऊन दिला होता. लग्नानंतरचं पहिलं वर्ष होतं माझं, मी दारातून बघत होते. तू पुढे बर्फ खणत होतास. आणि बॉस्कोची चूल त्यानंतर कधी विझलेली नाही."

मॅलकीला ते आठवलं. मग त्याला आज काय तारीख आहे तेही आठवलं.

मेच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे कुणी घरातून विस्तव बाहेर देत नाही. दूध देत नाही, मीठ देत नाही, राखसुद्धा उंबऱ्याबाहेर टाकत नाही. दिली की वर्षाचं सौख्य त्याबरोबर निघून जातं. शिकलेले लोक यावर हसतात आणि तेही देत नाहीत. बॉस्को तर त्या दिवशी पाइप ओढत अंगणातही येत नसे. म्हणजे अकरा वर्षं ज्याच्याशी बोललो नाही त्याच्या दारात, ज्या एका दिवशी मागायचं नाही त्याच दिवशी, जी एक गोष्ट मागायची नाही तीच मागायला जायचं. मॅलकीने फावडं घेतलं. अट्रॅक्टाने त्याची टोपी नीट केली, जणू तो नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता.

बॉस्कोने दार अर्धं उघडलं. फावड्याकडे बघितलं, मग मॅलकीकडे.

"बोला, मिस्टर टॅन्सी."

साठ वर्षांत त्याने मॅलकीला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मॅलकीला ते चांगलंच लागलं. त्याने काही सजवलं नाही, सरळ पत्र पुढे केलं. बॉस्कोने ते उभ्या उभ्या वाचलं, सावकाश. त्याच्या मागे चुलीत पीट धुमसत होतं. एकट्या माणसाचं घर, भांडी तशीच पडलेली, पण चुलीपुढची जागा झाडलेली होती.

"विझवलात?" त्याने विचारलं.

"विझवला."

"पाण्याने?"

"बादलीभर."

बॉस्कोने छातीवर क्रॉसची खूण केली. "आणि आज मागायला आलात. मेच्या पहिल्या दिवशी."

"ती तीन वाजता येतेय, बॉस्को. पुन्हा यायची नाही ती."

"मी देणार नाही," बॉस्को म्हणाला. "आईला वचन आहे. आजच्या दिवशी या दारातून विस्तव द्यायचा नाही."

मॅलकीने मान खाली घातली. बरोबरच होतं ते. त्याच्याही आईने दिला नसता. तो वळला, दोन पावलं गेला.

"अरे, चाललास कुठे?" मागून बॉस्को ओरडला. "देणार नाही म्हणालो. परत करायला कुणाची बंदी आहे? चाळीस वर्षं झाली तुझ्या आईने उसना देऊन! तो आमचा होता कधी? आण ते फावडं. आणि नीट धर, गाढवा, पोस्टातल्यासारखं नको!"

पण फावडं त्याने मॅलकीच्या हातात दिलंच नाही. भरलेलं फावडं घेऊन बॉस्को स्वतः निघाला, आणि मॅलकी पुढे धावत फाटकं उघडू लागला, मेंढरं हाकू लागला. वारा सुटला होता. ठिणग्या उडत होत्या. रस्त्यावर नेमक्या डिम्फनाबाई सायकलवरून येत होत्या. मेच्या पहिल्या दिवशी उघड्यावर विस्तव चाललेला बघून त्या सायकलसकट कुंपणात गेल्या.

"परत करतोय!" दोघंही एकदम ओरडले.

घरी अट्रॅक्टाने ओढून शेगडी बाजूला केली होती, फळी मात्र हलत नव्हती. तिघांनी मिळून ती उचकटली तेव्हा मंगळवारी न झाडलेली सगळी काजळी धुराड्यातून धाडकन खाली आली. तिघंही नखशिखांत काळे झाले. ओली चूल सुकवायला अट्रॅक्टाने आपला टॉवेल घातला. बॉस्को गुडघे टेकून निखारे मांडत होता, मॅलकी फुंकत होता. विस्तव एकदा काळा पडला. मग कडेने लाल झाला. इतक्यात बाहेर मोटार थांबली.

विनीताई काठी टेकत आत आली. लहानखुरी बाई, पांढरा कोट, डोक्यावर प्लॅस्टिकची पावसाळी टोपी. समोर तीन काजळलेली म्हातारी माणसं रांगेत उभी. तिने कुणाची ओळख विचारली नाही. ती चुलीकडे गेली, अट्रॅक्टाने खुर्ची सरकवली, आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

 तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"ताई," मॅलकी म्हणाला, "तुला एक सांगायचंय. मी हा विझवला होता. मंगळवारी. हा या बॉस्कोच्या घरून आणलाय."

"परत केलाय," बॉस्को म्हणाला.

विनीताई हसली. "आजोबांच्या कोटाला हाच वास यायचा," ती म्हणाली. मग तिने पर्समधून आपल्याजवळची झेरॉक्स काढली. "आणि ते गावाचं नाव मला नीट दाखव हं, मॅलकी. तू अर्ध्या मिनिटात वाचलंस, आम्ही चौघं चार महिने बसलो होतो. हे पहिलं अक्षर कुठलं?"

मॅलकीने कागद घेतला. बॉस्को चुलीसमोरून उठला नव्हता. पण त्याची मान वळली होती, आणि तो थेट मॅलकीकडे बघत होता. अकरा वर्षं तो एका वाक्याची वाट बघत होता.

"नाही लागत, ताई," मॅलकी म्हणाला. "मला वाचता येत नाही. तेव्हाही आलं नव्हतं. मी उगाच छाती काढून कळवलं."

खोलीत पीटचा तुकडा फुटल्याचा आवाज झाला. बॉस्कोने काळा हात पुढे करून कागद मागितला. त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला, आणखी काळा केला, घातला. कागद विस्तवाच्या उजेडात धरला, दूर नेला, जवळ आणला. बराच वेळ गेला.

"कुणालाच यायचं नाही हे," तो शेवटी म्हणाला, आणि कागद मॅलकीच्या हातात ठेवला. "पण आमच्या जार्लाथचं अक्षर याहून वाईट होतं, मॅलकी. खरंच वाईट होतं."

अट्रॅक्टाने किटली विस्तवावर ठेवली.